पर्सी ब्रिजमन: पदार्थांना दाबून बोलतं करणारा शास्त्रज्ञ

जुलै २०२३ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या सन यात-सेन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक शोधनिबंध आला. लॅन्थनम, निकेल आणि ऑक्सिजन यांपासून बनलेल्या स्फटिकाचा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा कण त्यांनी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पकडला आणि दाबत नेला. दाब हवेच्या दाबाच्या साधारण १ लाख ४० हजार पटींवर गेला, आणि मग सुमारे ८० केल्विन तापमानाला, म्हणजे उणे १९३ अंश सेल्सिअसला, त्या कणाचा विद्युत रोध धाडकन खाली आला. अतिसंवाहकता, म्हणजेच सुपरकंडक्टिव्हिटी, आल्याची ही खूण होती. या अवस्थेत वीज कोणत्याही रोधाशिवाय वाहते, तार तापत नाही, ऊर्जा वाया जात नाही.

८० या आकड्याचं एवढं कौतुक का? द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. त्याच्या वर काम करणारा अतिसंवाहक थंड ठेवायला महागडं द्रव हीलियम लागत नाही, स्वस्तातलं नायट्रोजन पुरतं. तांब्याच्या ऑक्साइडांनी ही रेषा १९८७ मध्येच ओलांडली होती. आवर्तसारणीत तांब्याच्या अगदी शेजारी बसणारं निकेल मात्र तिथवर पोचायला तयार नव्हतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये निकेल ऑक्साइडाचा एक पातळ थर अतिसंवाहक झाला खरा, पण १५ केल्विनच्या आत. थेट ८० पर्यंतची उडी दाबामुळे जमली.

हा दाब आला कुठून? पदार्थ दोन ऐरणींच्या मध्ये चिरडायचा, तो बाजूने निसटू नये म्हणून भोवती गॅस्केट लावायची आणि तशा अवस्थेत त्याचा रोध मोजायचा, ही पद्धत रुळवली ती पर्सी विल्यम्स ब्रिजमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. १९६१ मध्ये ते गेले. अतिसंवाहकता हा त्यांचा विषय नव्हता. तरीही आज निकेलचं कोडं सोडवणारी मंडळी त्यांच्याच वाटेवरून चालली आहेत. कशी, ते समजायचं तर आधी त्यांचं आयुष्य बघायला हवं.

न्यूटन गावातला मुलगा

पर्सीचा जन्म २१ एप्रिल १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिजमध्ये झाला आणि तो वाढला जवळच्या न्यूटन गावात. भौतिकशास्त्रज्ञाला शोभेल असं गाव, पण आयझॅक न्यूटनशी या नावाचा काही संबंध नाही. वडील रेमंड पत्रकार होते, राजकारण आणि समाजावर लिहीत. घर धार्मिक वळणाचं. वयात आल्यावर रीतीप्रमाणे चर्चचं सदस्य व्हायची वेळ आली, तेव्हा पर्सीने नकार दिला. जे आपल्याला पटलेलं नाही त्याच्यावर सही कशी करायची, असा त्याचा सवाल होता. वडिलांना वाईट वाटलं, पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. हा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

१९०० मध्ये पर्सी हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला आणि एका अर्थाने तिथून कधी बाहेर पडलाच नाही. १९०४ मध्ये पदवी, १९०८ मध्ये डॉक्टरेट, मग तिथेच अध्यापन आणि १९१९ मध्ये प्राध्यापकपद. १९५४ मध्ये निवृत्त होईपर्यंत हार्वर्डची प्रयोगशाळा हेच त्यांचं जग होतं. १९१२ मध्ये ऑलिव्ह वेअर यांच्याशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा. उन्हाळा आला की सगळं कुटुंब न्यू हॅम्पशर राज्यातल्या रॅन्डॉल्फ या डोंगराळ गावी जायचं. ब्रिजमन तिथे डोंगर चढायचे, बागेत राबायचे आणि लिहीत बसायचे.

फुटलेली काच आणि कुकरचं झाकण

विद्यार्थी असताना, १९०५ च्या सुमाराला, ब्रिजमन यांनी एक प्रयोग हाती घेतला. द्रवावर दाब दिला तर त्यातून जाणारा प्रकाश किती वाकतो, हे त्यांना बघायचं होतं. प्रयोग चालू असताना काचेचं उपकरण फुटलं. नवीन भाग यायला वेळ लागणार होता. नुसतं बसून काय करायचं, म्हणून त्यांनी त्या वेळात दाबाच्या भांड्यासाठी पटकन लावता-काढता येईल असं बूच तयार केलं. त्यांचा हेतू फक्त सोयीचा होता. पण वापरून बघितल्यावर लक्षात आलं की हे बूच गळतच नाही.

त्या काळी जास्त दाबाच्या प्रयोगांत खरी अडचण गळतीची होती. फ्रान्सचे एमिल अमागा यांनी हवेच्या दाबाच्या ३,००० पटींपर्यंत मजल मारली होती. त्यापुढे द्रव कुठल्या ना कुठल्या फटीतून बाहेर पडायचा. (पुढे लेखात ‘पट’ म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या इतके पट, असं समजा.) तुलनेसाठी सांगायचं तर शिट्टीच्या बेतात आलेल्या कुकरमध्ये साधारण २ पट दाब असतो आणि पॅसिफिक महासागरातल्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी सुमारे १,१०० पट.

ब्रिजमन यांच्या बुचाची गंमत समजायला कुकरच पुरेसा आहे. काही कुकरचं झाकण बाहेरून बसतं, काहींचं आतून. आतून बसणाऱ्या झाकणात वाफेचा जोर वाढला की झाकण रिंगेवर आणखी घट्ट दाबलं जातं. वाफच तिचं दार बंद करते. ब्रिजमन एक पाऊल पुढे गेले. त्यांचं बूच अळंबीच्या आकाराचं होतं. आतला दाब अळंबीच्या सगळ्या टोपीला ढकलायचा, पण हा जोर झेलायचा फक्त दांड्याभोवतीच्या मऊ पॅकिंगच्या कड्याने. दांडा मोकळाच, त्याला पाठीमागे कशाचा आधार नाही. म्हणजे जोर मोठ्या क्षेत्रफळावरचा आणि तो पेलणारं क्षेत्रफळ लहान. त्यामुळे पॅकिंगमधला दाब आतल्या द्रवाच्या दाबापेक्षा नेहमी ठरावीक प्रमाणात जास्तच राहायचा. द्रवाला बाहेर पडायचं तर आपल्याहून जास्त दाबात घुसावं लागणार, आणि ते शक्य नाही.

गळतीचा प्रश्न असा मुळातून संपला. आता मर्यादा एकच उरली, ती म्हणजे पोलादाची ताकद. डॉक्टरेटच्या कामातच ब्रिजमन ६,००० पटींच्या पुढे गेले, काही वर्षांत १२,००० आणि मग २०,००० पर्यंत. काचेवरचा मूळ प्रयोग त्यांनी सोडून दिला. हातात आलेलं साधन त्याहून कितीतरी मोठं होतं.

एवढा दाब मोजायचा कशाने?

जिथे आजवर कुणी गेलेलंच नाही, तिथला दाब दाखवणारं मीटर बाजारात कसं मिळणार? ब्रिजमन यांनी मुळापासून सुरुवात केली. दाब म्हणजे क्षेत्रफळावर विभागलेला जोर. म्हणून नेमक्या मापाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये बसवायचा, त्यावर ठाऊक असलेलं वजन टाकायचं आणि आतला दाब त्याला बरोब्बर तोलून धरतो का ते बघायचं. पद्धत खात्रीची, पण वेळखाऊ. मग रोजच्या कामासाठी त्यांनी मँगॅनिनची तार घेतली. तांबं, मँगेनीज आणि थोडं निकेल यांचा हा मिश्रधातू. त्याचा विद्युत रोध तापमानाने फारसा हलत नाही, पण दाबाबरोबर सरळ रेषेत वाढतो. दट्ट्याच्या मापाशी तार एकदा जुळवून घेतली की पुढे फक्त रोध वाचायचा. उच्च दाबाच्या प्रयोगशाळांत मँगॅनिनची तार आजही वापरली जाते.

ही सवय नीट लक्षात ठेवा. आकडा सांगण्याआधी तो कसा काढला हे सांगायचं. ब्रिजमन यांचं सगळं काम आणि नंतरचं सगळं तत्त्वज्ञान याच सवयीतून निघालं.

गरम बर्फ, काळा फॉस्फरस आणि न उकळता शिजलेलं अंडं

साधन तयार झाल्यावर ब्रिजमन हाताला लागेल तो पदार्थ दाबायला लागले. पाण्यापासून सुरुवात झाली. आपल्या फ्रीजमधला बर्फ पाण्यावर तरंगतो, पण दाबाखाली बर्फाची रूपं बदलतात. १९१२ मध्ये त्यांनी बर्फाची आणखी दोन रूपं नोंदवली, पाचवं आणि सहावं. १९३७ मध्ये सातवं. या सातव्या बर्फाची तऱ्हा अशी, की पुरेसा दाब असेल तर तो १०० अंश सेल्सिअसच्या वरही घनच राहतो. हात भाजेल असा बर्फ!

१९१४ मध्ये त्यांनी पांढऱ्या फॉस्फरसवर २०० अंश तापमानाला साधारण १२,००० पट दाब दिला. त्यांना तांबडा फॉस्फरस लवकर तयार होतो का ते बघायचं होतं. भांडं उघडलं तर आत ग्रॅफाइटसारखा काळा पदार्थ. फॉस्फरसचं हे रूप कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच काळ्या फॉस्फरसचे अणूभर जाडीचे थर सोलून त्यापासून ट्रान्झिस्टर बनवता येतात, हे शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, लोकांनी दाखवलं.

त्याच वर्षी त्यांनी अंड्यातला पांढरा बलकही दाबून बघितला. तो उष्णता न देताच घट्ट झाला, जणू उकडलेलं अंडं. फळांचे रस न उकळता दाबाखाली जंतुमुक्त करायचा उद्योग आज जगभर चालतो, त्यामागे हाच गुणधर्म आहे. दाबाने प्रथिनांची घडी मोडते आणि जंतूंना ते झेपत नाही.

एकट्याची प्रयोगशाळा

ब्रिजमन यांचे २६० च्या वर शोधनिबंध आहेत आणि जवळपास सगळ्यांवर त्यांचं एकट्याचं नाव आहे. दोन-तीन मदतनीस कारागीर, एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. लेथवर ते स्वतः उभे राहत. समित्या, बैठका यांचा त्यांना कंटाळा होता. युद्धानंतर विज्ञान मोठमोठ्या चमूंचं आणि सरकारी पैशांचं झालं, तेव्हा त्यांना ते मनापासून आवडलं नाही. ज्याने उपकरण हाताळलेलं नाही त्याला ते कुठे फसवतं हेही कळत नाही, अशी त्यांची धारणा होती.

हाताखाली विद्यार्थी मात्र एकेक नामी. जॉन व्हॅन व्लेक आणि जॉन स्लेटर हे पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले. फ्रान्सिस बर्च यांनी दाबाचं हेच शास्त्र पृथ्वीच्या पोटातल्या खडकांना लावलं. आणखी एक तरुण होता, जे. रॉबर्ट ओपेनहायमर. १९२५ मध्ये त्याच्यासाठी ब्रिजमन यांनी इंग्लंडमध्ये रदरफर्ड यांना शिफारसपत्र पाठवलं. पोराच्या बुद्धीचं त्यात भरभरून कौतुक होतं, पण प्रयोगशाळेत त्याचा हात चालत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

मोजणी म्हणजेच अर्थ

१९१४ च्या सुमाराला ब्रिजमन यांच्यावर विद्युतगतिकी शिकवायची जबाबदारी अचानक येऊन पडली. त्यात सापेक्षतावादही होता. शिकवता शिकवता ते अस्वस्थ झाले. दोनशे वर्षं सगळ्यांनी गृहीत धरलेला ‘काळ’ हा शब्द आइनस्टाइनने एका प्रश्नात हलवला होता: लांबवरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या, हे तुम्ही मोजणार कसं? असे किती शब्द आपण न तपासता वापरतो, हा विचार त्यांना सोडेना.

१९२७ मध्ये त्यांनी ‘द लॉजिक ऑफ मॉडर्न फिजिक्स’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा सोपा आहे. एखाद्या राशीचा अर्थ म्हणजे ती मोजायची कृती. टेबलाची लांबी पट्टीने मोजतो, ताऱ्याचं अंतर प्रकाशाच्या आधारे काढतो. दोन्हींना आपण एकच शब्द लावतो, पण कृती दोन आहेत. म्हणून त्या सगळीकडे जुळतीलच असं गृहीत धरायचं नाही, ते तपासायचं. आणि जे मोजायची कोणतीच कृती सांगता येत नाही, त्याविषयीच्या वादाला अर्थ नाही. मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत अनेकांनी ही भूमिका उचलली. तत्त्वज्ञांनी तिच्यातल्या त्रुटीही दाखवल्या: कृती बदलली की संकल्पनाच बदलली असं म्हणायचं, तर एकाच राशीच्या शंभर संकल्पना होतील. हा आक्षेप खरा आहे. तरी प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या माणसाला ब्रिजमन यांचा प्रश्न टाळता येत नाही.

बंद केलेलं दार

१९३९ मध्ये ब्रिजमन यांनी ‘सायन्स’ या पत्रिकेत एक छोटं निवेदन छापलं. हुकूमशाही देशांच्या नागरिकांना आपण यापुढे आपली उपकरणं दाखवणार नाही आणि त्यांच्याशी प्रयोगांची चर्चाही करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. विज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं असं मानणाराच हा माणूस. पण जिथे नागरिक स्वतःच्या मनाचा मालक नाही, तिथे त्याला दिलेलं ज्ञान राज्यकर्त्यांच्या हातात जाणार, असा त्यांचा तर्क होता. काहींना हे पटलं. काहींना वाटलं, की ज्यांच्यावर अन्याय होतोय त्या शास्त्रज्ञांनाच ही शिक्षा आहे.

मग युद्ध सुरू झालं. मॅनहॅटन प्रकल्पासाठी ब्रिजमन यांनी युरेनियम आणि प्लुटोनियम दाबाखाली किती आकसतात हे मोजलं. प्लुटोनियमचा बॉम्ब चालतो तोच मुळी धातू आतल्या बाजूला चेपून, त्यामुळे या आकड्यांना महत्त्व होतं. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते त्यांचेच जुने विद्यार्थी ओपेनहायमर. १९४६ मध्ये ब्रिजमन यांना अतिउच्च दाबाची उपकरणं आणि त्यांतून लागलेले शोध यांसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि १९५५ मध्ये अण्वस्त्रांच्या धोक्याबद्दल जगाला सावध करणारा रसेल-आइनस्टाइन जाहीरनामा निघाला, त्याच्या ११ सह्यांपैकी एक ब्रिजमन यांची होती.

हिऱ्याने दिलेला चकवा

एक गोष्ट त्यांना जमली नाही. ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही कार्बनच, आणि हिरा जास्त घन. मग ग्रॅफाइट दाबून हिरा का होऊ नये? ब्रिजमन यांनी अनेक वर्षं प्रयत्न केले. काही कंपन्यांनी त्यांना प्रचंड ताकदीची प्रेस पुरवली. ग्रॅफाइट दाबलं जायचं आणि दाब काढला की पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं. नुसता दाब पुरत नव्हता. त्याच्या जोडीला बराच वेळ टिकणारं मोठं तापमान आणि कार्बन विरघळवणारा वितळलेला धातू हवा होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने फेब्रुवारी १९५५ मध्ये मानवनिर्मित हिरा जाहीर केला, तो असा. त्या वितळलेल्या धातूंमध्ये निकेलही चालतं, हा आपल्या कथेतला आणखी एक योगायोग.

दोन ऐरणी आणि ७२ पदार्थ

सिलिंडर आणि दट्ट्याची पद्धत एका टप्प्यावर थांबते, कारण पोलादच फाटतं. ब्रिजमन यांनी मग आकार बदलला. टंगस्टन कार्बाइडच्या दोन ऐरणी समोरासमोर ठेवल्या. टोकं लहान आणि सपाट, पाया रुंद. टोकावर येणारा ताण मागच्या रुंद भागात पसरतो, म्हणून ऐरण एरवी पेलणार नाही एवढा दाब पेलते. मधला पदार्थ बाजूने निसटू नये म्हणून त्यांनी पाइपस्टोनचं कडं वापरलं. अमेरिकेतले मूळ रहिवासी ज्या मऊ दगडापासून चिलमी कोरतात, तोच हा दगड.

१९५२ मध्ये त्यांनी एक लांबलचक शोधनिबंध छापला. ७२ मूलद्रव्यं, मिश्रधातू आणि संयुगं घेऊन प्रत्येकाचा विद्युत रोध साधारण १ लाख पट दाबापर्यंत मोजला होता. कुठे रोध हळूहळू उतरत होता, कुठे मध्येच उडी मारत होता. प्रत्येक उडी म्हणजे आत अणूंची किंवा इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलल्याचा निरोप.

इथे एक अडचणीची गोष्टही त्यांनी झाकली नाही. बिस्मथमधला एकच बदल, आकारमान मोजताना एका दाबाला दिसायचा आणि रोध मोजताना दुसऱ्याच, बऱ्याच मोठ्या दाबाला. ऐरणींमधला दाब ते जोर भागिले क्षेत्रफळ असा काढत होते आणि तिथे तो हिशेब चुकत होता. १९६० च्या दशकात दाबाची मोजपट्टी नव्याने तपासली गेली आणि जुने मोठे आकडे खाली आले. म्हणजे आपण गाठलाय असं त्यांना वाटत होतं तेवढा दाब काही प्रयोगांत गाठलेला नव्हता. पण कृती आणि आकडे दोन्ही छापलेले असल्यामुळे इतरांना ते दुरुस्त करता आले.

बिस्मथपासून निकेलपर्यंत

आता अतिसंवाहकतेकडे येऊ. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइक कामरलिंग ओन्स यांना पारा ४.२ केल्विनला अतिसंवाहक झालेला दिसला. १९२५ मध्ये तिथेच कथील दाबून बघितलं, तर अतिसंवाहक व्हायचं तापमान किंचित कमी झालं. दाब अतिसंवाहकतेच्या मुळावर येतो असं वाटावं, असाच हा निकाल होता.

१९५३ मध्ये चेस्टर आणि जोन्स या दोन ब्रिटिश संशोधकांनी ब्रिजमन यांच्या धर्तीची ऐरण थंड करून तिच्यात बिस्मथ दाबलं. एरवी हा धातू अतिसंवाहक होत नाही असाच समज होता. २०,००० पटींच्या वर, काही केल्विन तापमानाला, तो झाला. (दाब नसतानाही बिस्मथ अतिसंवाहक होतं का? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवलं, की होतं, पण ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे एका केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागाला.) १९५८ च्या सुमाराला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयात ब्रिजमन यांच्या दोन ऐरणींच्या जागी दोन हिरे बसवले गेले. ज्या हिऱ्याने ब्रिजमन यांना चकवा दिला, तोच आता त्यांच्या यंत्राचा जबडा झाला. हिऱ्यातून आरपार दिसतं. आत माणकाचा कण ठेवून त्याच्या प्रकाशाचा बदललेला रंग वाचला की दाब कळतो.

दाब वाट दाखवतो, हे १९८६-८७ मध्ये ठसठशीतपणे समोर आलं. लॅन्थनम आणि तांब्याचं ऑक्साइड दाबल्यावर त्याचं अतिसंवाहक व्हायचं तापमान झपाट्याने वाढलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी विचार केला, बाहेरून दाबण्याऐवजी मोठ्या लॅन्थनमच्या जागी लहान इट्रियमचा अणू घातला तर? स्फटिक आतूनच आकसेल. तो पदार्थ ९३ केल्विनला अतिसंवाहक निघाला, कोणत्याही दाबाशिवाय.

निकेलच्या बाबतीत आता तेच चाललंय. २०२३ च्या त्या पदार्थात निकेल आणि ऑक्सिजनच्या थरांची जोडी असते आणि दोन थरांना मधला एक ऑक्सिजन जोडतो. नेहमीच्या दाबाला हा सांधा जरा वाकडा, सुमारे १६८ अंशांचा असतो. दाबाखाली तो सरळ, १८० अंशांचा होतो. थर एकमेकांशी नीट बोलू लागतात आणि त्यातूनच अतिसंवाहकता येत असावी, असा अंदाज आहे. नेमकी यंत्रणा अजून वादात आहे.

वाद आणखी एका गोष्टीवर झाला, आणि तो ऐकून ब्रिजमन खुर्ची पुढे सरकवून बसले असते. पहिल्या प्रयोगात रोध कोसळला होता, पण स्वच्छ शून्यावर आला नव्हता. मग याला अतिसंवाहकता म्हणायचं का? दाब पोचवायला मऊ घन पदार्थाऐवजी द्रव वापरला, म्हणजे दाब सगळीकडून सारखा बसला, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळांना खरंखुरं शून्य दिसलं. चुंबकीय चाचणीत सुरुवातीला स्फटिकाचा थोडासाच भाग अतिसंवाहक वाटला. थोडं प्रासिओडिमियम मिसळून केलेल्या नमुन्यांत तो बहुतांश भागात आढळला. हीच काळजी न घेतल्याचे परिणामही याच क्षेत्राने भोगले आहेत. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता सापडल्याचा दावा करणारे दोन गाजलेले शोधनिबंध ‘नेचर’ला २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. मोजमापांवरच विश्वास उरला नव्हता.

आणि डिसेंबर २०२४ पासून अमेरिका आणि चीन इथल्या गटांनी पुढचं पाऊल टाकलंय. लहान मापाच्या दुसऱ्या स्फटिकावर निकेल ऑक्साइडाचा पातळ थर वाढवला की खालचा स्फटिक त्याला आडवा आवळून धरतो. असा थर हिऱ्यांशिवाय, खोलीतल्या नेहमीच्या दाबाला, ४० केल्विनच्या वर अतिसंवाहक व्हायला लागतो.

शेवटचा उन्हाळा

निवृत्तीनंतरही ब्रिजमन प्रयोगशाळेत जात राहिले. १९६१ मध्ये त्यांच्या हाडांत पसरलेला कर्करोग लक्षात आला. बरं होण्याची आशा नव्हती आणि वेदना वाढत चालल्या होत्या. त्या उन्हाळ्यात रॅन्डॉल्फच्या घरी ते आपल्या सगळ्या प्रायोगिक निबंधांच्या संग्रहाची सूची पूर्ण करत होते. ते काम हातावेगळं झालं. २० ऑगस्ट १९६१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी आपलं आयुष्य स्वतः संपवलं. अशा रुग्णाला हे एकट्याने करायला लागावं, डॉक्टरांची मदत मागता येऊ नये, याची खंत त्यांनी मागे ठेवलेल्या ओळींत होती. असाध्य आजारातल्या माणसाच्या हक्कांविषयी चर्चा होते, तेव्हा त्या ओळींची आजही आठवण काढली जाते.

संग्रह १९६४ मध्ये सात खंडांत निघाला. त्यात तो १९५२ चा निबंधही आहे: ७२ पदार्थ, प्रत्येकाच्या रोधाचा आलेख आणि तो कसा मोजला याचं सविस्तर वर्णन. त्या मापनांची हद्द साधारण १ लाख पटींपाशी संपते. ग्वांगझूच्या निकेलला हवे होते १ लाख ४० हजार.